डाव्या बाजूची शिवण

आबा, तुझी होडी परवा पाण्यात गेली आणि शंभर वावही न जाता फुटली. तुला तू म्हणते आहे. कॉन्व्हेंटात जायला लागल्यावर मी तुला तुम्ही म्हणू लागले होते, आणि तू शेजारच्यांना हसत सांगायचास की माझं चेडू आता बापाशी पाहुण्यासारखं बोलतं. हसायचास, पण तुला ते आवडलेलं नव्हतं. दुपारची जेवणं उरकली आहेत, घरात सगळे आडवे झाले आहेत आणि मी तिसऱ्यांदा खळ्यात जाऊन होडी बघून आले. दोन ओळी लिहिते, उठते, पुन्हा येऊन बसते. भाचा म्हणतो, आत्येच्या पायाला भिंगरी लागली आहे. लागू दे.

तोंडवलीच्या किनाऱ्यावर दोन दिवस लढाई चालली होती, म्हणजे लढाईचं सोंग. पुण्या-कोल्हापूरकडचे तीस-चाळीस हौशी लोक दरवर्षी कुठेतरी जमतात, जुन्या काळचे कपडे घालतात, तंबू ठोकतात, तीन दगडांवर रांधतात आणि होऊन गेलेल्या लढाया पुन्हा लढतात. त्यांच्यात कोणी बँकेत आहे, कोणी कॉम्प्युटरवाला, एक दातांचा डॉक्टर. म्होरक्या उंच, मिशांना पीळ दिलेला, आणि त्याचे नियम आमच्या सिस्टरांपेक्षा कडक. घड्याळ नको, प्लास्टिकची बाटली नको, चष्मा नको. बँकवाल्याने चष्मा काढला आणि तंबूच्या दोरीला अडखळून तो पहिल्याच सकाळी तीनदा पडला. संध्याकाळी मात्र हेच सगळे भाच्याच्या खानावळीत येऊन सुरमईची थाळी मागत होते आणि सोलकढी दोन-दोनदा. पोहता येणारा त्यांच्यात एखादाच, त्यामुळे समुद्रात पडून मरायचं काम आपल्या वाडीतल्या मच्छीमारांकडे आलं. त्यांना लाल डगले आणि टोप्या देऊन फिरंगी केलं. ज्यांच्या खापरपणजोबांनी खरी गलबतं वल्हवली ते परके, आणि ज्यांना भरती-ओहोटी कळत नाही ते आरमार! मी हे किनाऱ्यावर उभी राहून मोठ्याने बोलले. एक लाल डगलेवाला टोपी सावरत म्हणाला, "आत्ये, बुडूचा काम जेका जमता तेणा करूचा. तेंका खंय जमतला?"

शेवटच्या दिवशी शत्रूचं जहाज जाळायचं होतं. जाळायला जहाज हवं, म्हणून भाच्याने तुझी होडी देऊ केली. मला न विचारता. माडाच्या झापांच्या मांडवाखाली साठ वर्षं पडलेली, कुणाच्या उपयोगाची नाही, असं त्याचं म्हणणं. मी त्याला जे बोलले ते लिहीत नाही. पण होडी वाचली ती माझ्या तोंडामुळे नव्हे. मिशीवाला ती बघायला आला, वाकला, फळीवरून बोट फिरवलं आणि तसाच बसून राहिला. एकही खिळा नाही, फळीला फळी सुंभाने शिवलेली, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याने आपल्या सगळ्या माणसांना बोलावलं, आणि ते वहाणा काढून होडीभोवती उभे राहिले. मग ठरलं की ही जाळायची नाही, हीच आरमाराची पुढची होडी. खरं सांगते, आबा, त्या क्षणी मला तो माणूस आवडला. तुझ्या कामापुढे कोणी वहाणा काढलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. मी तर काढल्या नव्हत्याच.

शिवायला दोन माणसं लागतात, हे त्या पुस्तकात नसावं. एक आत, एक बाहेर. बाहेरच्याने भोकातून सुंभ आत सारायचं, आतल्याने ते घट्ट ओढून पुढच्या भोकातून परत द्यायचं. मी दहा वर्षांची असल्यापासून आत बसायची, कारण टोकाच्या चिंचोळ्या जागेत माझेच हात मावायचे. तू मला दिसायचा नाहीस, नुसता फळीपलीकडून आवाज यायचा. "घट ओढ गो, ह्येच्यात माणसा बसतली." प्रत्येक टाक्याला तेच. मला ते पाठ झालं होतं आणि त्याचा कंटाळा आला होता. हातांना सुंभाचे कातरे पडायचे, नखांत राळ, आणि मोरी माशाच्या तेलाचा वास तर तीन दिवस जायचा नाही. शाळेत सकाळी सिस्टर हात पुढे करायला लावायच्या. एके दिवशी त्यांनी माझे हात वर्गाला दाखवले आणि रुमाल नाकाला लावला. घरी येऊन मी सांगितलं, मी यापुढे होडीत बसणार नाही. तू सुंभ वळत होतास, तसाच वळत राहिलास. एवढंच म्हणालास, "बरा. ही डावी कूस पुरी कर, मगे रव." दुसऱ्या दिवशी तू मालवणच्या बाजारात गेलास आणि चंदनाची साबणवडी घेऊन आलास. आपल्या घरात तोवर अंगाला साबण कोणी लावला नव्हता. मला वाटलं, मी जिंकले.

डावी बाजू पुरी केली आणि मी उठले. उजवी तू एकट्याने शिवलीस. मी पडवीत इंग्रजी कविता पाठ करत बसलेली, आणि तू बाहेरून सुंभ सारतोस, काठ ओलांडून आत उतरतोस, ओढतोस, पुन्हा काठ ओलांडून बाहेर. एका टाक्याला दोन फेऱ्या. मी पुस्तक तोंडासमोर धरते. तू हाक मारत नाहीस.

त्यानंतर तू होडी बांधली नाहीस. ही विकलीही नाहीस. मी विचारलं की म्हणायचास, "गिऱ्हाईकच येवक नाय." मी ते खरं मानलं. पुढे मुंबईत जहाजाच्या कंपनीत इंग्रजी कागद टाइप करायला लागल्यावर सुट्टीत येऊन तुला ऐकवायचे, की जग इंजिनावर चाललंय आणि तू सुंभ वळत बसलास, मग कोण येणार गिऱ्हाईक? तू होडीला तेल लावत ऐकून घ्यायचास. तू गेल्यावर भाऊ लावायचा. भाऊ गेल्यावर कोणी नाही.

म्हणून परवा मी मिशीवाल्याला सांगितलं की सुकलेली होडी अशी एकदम पाण्यात लोटू नये, फळ्या फुगायला आठ दिवस द्यावेत. त्याच्याकडे आठ दिवस नव्हते. भाचा म्हणाला, "आत्ये, लोका पुण्यासून इली आसत, तू गप रव." मी गप्प राहणारी नव्हे. म्हटलं, निदान उजव्या बाजूला बाहेरून दोर आवळा, ती एकट्या माणसाने शिवलेली आहे, कच्ची असणार. हे त्यांनी ऐकलं. उजव्या बाजूला चांगले तीन फेर आवळले. माडाच्या ओंडक्यांवरून होडी पाण्यात सरकली, चार मावळे चढले, अंगरख्याखाली लाइफ जॅकेट घालून फुगलेले. तेवढा एक नियम मिशीवाल्याने मोडला, देवाची कृपा.

छातीभर पाण्याच्या पुढे गेली आणि डावी बाजू उघडली. हळूहळू नव्हे, एकदम. चौघेही पाण्यात. बँकवाल्याचं जॅकेट नीट बांधलेलं नव्हतं, ते गळ्याशी आलं आणि त्याचं डोकं दिसेनासं झालं. समोरच्या होडीतले फिरंगी टोप्या टाकून पाण्यात उडी मारून आले आणि त्यांनी आरमाराला केसांना धरून काठावर आणलं. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं हे ठरवलेलंच आहे. बँकवाला वाळूवर पालथा पडून पाणी ओकत होता आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "पाय टेकत नव्हते हो, आजी." मी त्याची पाठ चोळत होते. 

होडी ओढून वर घेतली तेव्हा मी पाहिलं. उजव्या बाजूचं तुझं सुंभ काळं पडलंय, पण एकही टाका हललेला नाही, मधे नख जात नाही. डाव्या बाजूला टोकाजवळचं सुंभ लोंबत होतं. तुटलं असतं तर साठ वर्षांचं जुनं म्हणून सोडून दिलं असतं. ते तुटलेलं नव्हतं, सुटलेलं होतं. वेणीची रिबीन सुटते तसं, अख्खं.

खालच्या वाडीतला म्हातारा मच्छीमार काठी टेकत आला. ऐंशीच्या पुढचा आहे, तुझ्यापाशी यायचा-जायचा. त्याने ते सुंभ काठीने उचलून बघितलं आणि म्हणाला, "माका होयी होती ही. दोनदा इल्लंय. तुझ्या बापाशीन देवक नाय." मी म्हटलं, गिऱ्हाईक नव्हतं ना? त्याने काठी वाळूत रोवली. "मी होतंय मां गिऱ्हाईक. तुझो बापूस म्हणालो, डावी कूस ढिली आसा, माणसा बुडतली. मी म्हटलंय, मगे उसवून परत शिव. तर बापूस म्हणालो, उसवलंय तर चेडवाक कळात."

आबा, त्या टोकाला सात टाके होते. शाळेत पाहुण्या यायच्या होत्या, कविता मला म्हणायची होती, आणि हात त्याआधी स्वच्छ व्हायला हवे होते. ते सात टाके मी ओढले नाहीत. सुंभ नुसतं भोकातून परत दिलं आणि म्हटलं, झालं. तू बाहेरून हात फिरवला असणार. मला वाटत होतं, तुला कळलं नाही.

बँकवाला बरा आहे, काल चष्मा लावून घरी गेला. मिशीवाला अजून इथेच आहे. शिवण कुठून, कशी गेली ते त्याला लिहून घ्यायचं आहे, आणि जमलं तर शिकायचंही आहे, उद्या सकाळी येतो म्हणाला. मी भाच्याला सुंभ आणायला सांगितलं आहे. आत मी बसेन, हात आता त्या टोकात मावतील की नाही बघू. हे पत्र पोस्टात टाकण्याइतकी मी अजून भ्रमलेली नाही, पत्र्याच्या पेटीत राहील. फक्त एक राहिलं. परवा किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर, मिशीवाल्याने मला विचारलं की ही बाजू कोणी शिवली होती. मी म्हणाले, वडिलांनी.