उलट्या लवेची बाही

३ फेब्रुवारी
परत ओरडले! लेकीने डबा हरवला, एवढंच. "तुला यापुढे काहीच सांगणार नाही," म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. सोळा वर्षांची आहे. खरंच सांगणार नाही.

५ फेब्रुवारी
आज शिलाईच्या दुकानात मीच घोळ घातला. एका गायिकेचा मखमली कोट — डावी बाही उलट्या लवेवर कापली! मखमलीवर हात एका बाजूने फिरवला तर उजळ दिसते, उलट फिरवला तर गडद. बाईंनी कोट घालून आरशात पाहिलं, दोन बाह्या दोन रंगांच्या! तोंडाचा पट्टाच सुरू झाला. मीही उलट बोलणार, तेवढ्यात मोठ्या जाऊबाई मध्ये आल्या. दुकान त्यांचं. "चूक आमची आहे. शुक्रवारी नवी बाही लावून देते." माझं नाव नाही, माझ्याकडे साधं बघणंही नाही.
वाटलं, सुटले! तर कुलूप लावताना म्हणाल्या, "मला तुझा राग आलाय. आत्ता बोलले तर नको ते बोलेन. उद्या चहाला बोलू."
वेळ ठरवून रागावणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

६ फेब्रुवारी
खरंच बोलल्या! पाच मिनिटं. कापण्याआधी लवेच्या दिशेचा खडूचा बाण मी काढला नव्हता, तेवढंच. टोमणा नाही, जुनी उणीदुणी नाहीत. वर माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला. काय बाई आहे!
न राहवून विचारलं, "ताई, राग आवरता कसा तुम्ही?"
"आवरतो कुठे? आलाय म्हणून सांगते आणि वेळ मागून घेते. आधी मीही फाडफाड बोलायचे. धाकटी बहीण नऊ वर्षं बोलत नाही माझ्याशी."
मी समजत होते, यांचा स्वभावच थंड. साफ चूक! त्या रोज मेहनत घेतात. त्यांचं मला फार कौतुक वाटतं. आणि लेकही अशीच बोलायची थांबेल, याची धास्ती वाटते.

९ फेब्रुवारी
दूध उतू गेलं, नवऱ्यावर ओरडले. बोलण्याआधी बाण काढायचा राहिला.

१३ फेब्रुवारी
संध्याकाळी लेक स्वयंपाकघराच्या दारात. "आई, परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. मुदत काल संपली." कानशिलं तापली. कसंबसं म्हटलं, "मला राग आलाय. उद्या चहाला बोलू."
ती गेलीच नाही. स्टूल ओढून बसली.
"अजून एक आहे. तेही सांगू?"