तुटक रेघांचा ट्रक

प्रिय धाकट्या,

तुझा शिपाई सकाळी साडेनऊला लिफाफा घेऊन आला. बिचारा दारातच उभा, पाणीसुद्धा नको म्हणाला. सही घेतल्याशिवाय येऊ नकोस असं त्याला बजावलेलं दिसलं. मी त्याला हात हलवत परत पाठवलाय, त्याच्यावर डाफरू नकोस. सही मी करणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला चष्मा सावरत शेवटपर्यंत शोधत बसायला नको.

तू तयार केलेला जबाब मी दोनदा वाचला. छान लिहिलायस. लहानपणी तुझे निबंध मी लिहून द्यायचे, आता माझा जबाब तू लिहून देतोस! त्यात म्हटलंय, ट्रकच्या चित्रातल्या रेघा मी माझ्याच मनाने बदलल्या, चित्र ठसठशीत दिसावं म्हणून, मला कोणी सांगितलं नव्हतं. एवढ्यावर मी सही ठोकली की चौकशी संपली. एका म्हातारीने हौसेने रेघा गिरवल्या आणि त्यापायी देश युद्धावर गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी हे ऐकून होते, पण फाशीचा दोरही संन्याशानेच वळून द्यायचा, ही तुमच्या खात्याची नवीन तऱ्हा दिसते.

आणि मी काही संन्यासीण नाही. माझे हातही बरबटलेले आहेत, तेच तर सांगायचंय. आमच्या नकाशाघरात मी लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आई नुकतीच गेली होती, तू शाळेतून थेट माझ्याकडे यायचास आणि माझ्या टेबलाखाली दप्तरावर डोकं ठेवून झोपायचास. आमच्या मुख्य आरेखकांना सगळे कंपासकाका म्हणायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी मला शिकवलं की डोळ्यांनी पाहिलेलं असेल तर अखंड रेघ, कानांनी ऐकलेलं असेल तर तुटक. विहीर असो, पूल असो, नाहीतर शत्रूची तोफ. एकदा मी न पाहिलेल्या पायऱ्या अखंड काढल्या, तर त्यांनी अख्खा कागद टराटरा फाडला आणि मला भर खोलीत विचारलं, काय गं, तू चढून आलीस का? पुढची एकतीस वर्षं मी ती चूक केली नाही.

सहा वर्षांपूर्वी तो ट्रक माझ्या टेबलावर आला. म्हणजे ट्रकचा एक लांबून काढलेला फोटो आणि दोन पानी टिपण. ज्या देशाशी पुढे आपण लढलो तिकडून पळून आलेल्या कोणीतरी आपल्या कोणालातरी सांगितलं होतं, त्याने आणखी कोणाला. आत टाक्या असाव्यात, शीतयंत्र असावं, नळ्या असाव्यात, विषारी जंतू वाढवत असावेत. दोन्ही पानं नुसती 'असावं'ने भरलेली. मी ट्रकचा सांगाडा अखंड रेघेने काढला आणि आतलं सगळं, अगदी नळीच्या तोटीपर्यंत, तुटक. आमच्या खोलीतल्या कोणालाही एका नजरेत कळलं असतं की बाहेर ट्रक आहे आणि आत नुसता अंदाज.

मग दुपारच्या चहाला फोन आला. कोणाचा, ते तुला सांगायला नको. चित्र मोठ्या सभागृहात पडद्यावर दाखवायचंय, तुटक रेघा मागच्या रांगेतून दिसत नाहीत, अखंड करून दे, अर्ध्या तासाचं तर काम आहे. मी म्हटलं, अरे, मग ते पाहिल्यासारखं होईल. त्यावर उत्तर आलं की तुमच्या खोलीबाहेर रेघांचं कोणाला काय कळतंय! खरंच होतं ते. कोणालाच कळत नव्हतं, म्हणूनच तर आम्हाला तिथे बसवलं होतं. तरी मी पेन उचललं. चहा निवायच्या आत काम झालं.

चार दिवसांनी मंत्रीसाहेब पडद्यासमोर काठी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, हा पाहा महासंहारक शस्त्रांचा फिरता कारखाना. 'पाहा' म्हणाले! शेजारणी मला टीव्हीसमोर ओढत घेऊन गेल्या. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली होती. आमच्या बाईंनी काढलंय हे, असं त्या जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या आणि मी मुकाट्याने ऐकत होते. तीन आठवड्यांत युद्ध सुरू झालं.

माझं चित्र तळहाताएवढं छापून वैमानिकांना वाटून दिलं होतं, हे मला नंतर कळलं. असा ट्रक दिसला की उडवायचा. एकेचाळीस उडवले. युद्ध संपल्यावर तपासणीला गेलेल्या पथकाने जळक्या गाड्यांचे फोटो आणले, ते तूही पाहिलेस. आत टाक्या होत्याच. शीतयंत्रही होतं. गुरांच्या लशी होत्या, कानाला मारायचे बिल्ले होते, गोठ्यात घालायचे रबरी बूट होते. प्रत्येक गाडीत एक ड्रायव्हर आणि एक गुरांचा डॉक्टर. साप साप म्हणून तुम्ही भुई धोपटलीत रे, आणि भुईवर माणसं होती. तुम्ही कशाला, आपण.

परवा फोनवर तू म्हणालास, ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तसाही तिकडचा तो राज्यकर्ता नालायकच होता. असेल! मग तो नालायक आहे म्हणून लढतो, असं सांगायचं होतंत. लोकांनी हो म्हटलं असतं की नाही ते लोकांनी ठरवलं असतं. तुम्ही त्यांना माझा ट्रक दाखवलात. काल तुझ्या बायकोचा फोन आला, खूप रडली. आपलेच दात आपलेच ओठ म्हणाली. मी तिला सांगितलं, बाई गं, माझे दात कवळीचे आहेत, मला त्यांची भीती घालू नकोस. नंतर वाईट वाटलं. तिच्याशी एवढं तोडून बोलायला नको होतं. तिला सांग, माझा तिच्यावर राग नाही. तू आता सचिव होणार, ती कधीची स्वप्नं बघतेय, हे मला ठाऊक आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमच्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक चौकट असते. बदल काय केला, कधी केला आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते तिथे लिहावंच लागतं. त्या दिवशी मी बदल लिहिला, तारीख लिहिली आणि तिसरी जागा कोरी ठेवली. नोकरीत पहिल्यांदाच. कारण तिथे तुझं नाव आलं असतं, आणि मला वाटलं, पोराची बढती जवळ आलीये, कशाला उगाच. उद्या अकरा वाजता चौकशी समितीसमोर मला ती जागा कोरी का हे विचारणार आहेत आणि मी तुझं नाव सांगणार आहे. मी कोणाच्या बापाला घाबरत नाही, आपला तर एकच होता. पण तुला हे परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. समितीचं कार्यालय आज सहापर्यंत उघडं आहे, मी फोन करून विचारून घेतलंय. तू स्वतः गेलास तर तुझा जबाब माझ्या आधी घेतील. जा. गेलास तर उद्या मी तुझ्या शेजारी बसेन आणि सगळ्यांदेखत सांगेन की फोन याचा होता आणि हात माझा. नाही गेलास, तरी हेच सांगेन, फक्त शेजारची खुर्ची रिकामी असेल.

अजूनही तुझीच,
ताई