गादी पुन्हा उसवू नकोस

मुन्सिफ,

मी ऑलिव्हच्या घाण्यावर चाललेय, सातपर्यंत येते. आईला डायलिसिसहून आणलंस की जेवण झाल्यावर भासांवरची गोळी अर्धीच दे. तिच्या किडन्यांना पूर्ण गोळी झेपायची नाही. आणि तिने कितीही लाडीगोडी लावली तरी खजूर द्यायचा नाही.

"अंगावर किडे चालतायत" म्हणाली, तर वाद घालू नकोस, पण "हो, दिसले" असंही म्हणू नकोस. खाज किडनीमुळे खरीच येते, तेवढं मान्य कर आणि पाठीला मलम लाव. गेल्या महिन्यात तिच्या समाधानासाठी तू गादी उसवून आतली लोकर धुतलीस, खोलीत फवारा मारलास. तुझी माया कळते रे, पण तेव्हापासून "माझ्या मुलानेच मारले की" हाच तिचा पुरावा झालाय.

गोळीचा गुण येतोय, काळजी करू नकोस. डॉक्टरांना दाखवायला ती काडेपेटीत किडे म्हणून कुसकुसचे रव्यासारखे कण आणि अंगावरच्या खपल्या जमवायची ना? आज सकाळी मी ती पेटी उघडली, तर आत काड्या होत्या. "यात काड्या?" म्हटलं, तर माझ्यावरच डाफरली, "मग चहाला गॅस काय फुंकून पेटवू?"

नज्मिया