सेमीच्या आधी गावची फायनल

१९ जानेवारी
हरलो. पनवेलात, आपल्याच हॉलवर, आपल्याच लोकांसमोर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाच फाउल भरले आणि मी बाहेर. जुनंच दुखणं. समोरचा बगलेतून निसटायला लागला की माझा हात आपोआप त्याच्या कमरेला जातो. कॉलेजपर्यंत कबड्डीत कोपरा सांभाळला, ती सवय हाडात मुरलीय. कोच सर पंजाबचे. टाइमआउटला म्हणाले, "हितेश, ये बास्केटबॉल है, कबड्डी नहीं." सगळे हसले. मला भयंकर राग आला, स्वतःचाच.

२२ जानेवारी
सकाळी प्रॅक्टिस. संध्याकाळी मीटिंग. आमच्यातल्या एकाने सुट्टीत टेनिस बॉल क्रिकेटची मॅच खेळली, त्याला आज घरी पाठवलं. करारातच आहे, सीझन चालू असताना दुसरा कुठलाही खेळ नाही. सर ओरडले नाहीत. बॅग भर म्हणाले, बस. तो बिचारा सगळ्यांकडे बघत होता. मी बूट बांधत बसलो.
सेमीला पोचलो आणि मी बरा खेळलो तर पुढच्या वर्षी ठेवतील. नाहीतर सनी आहेच. माझ्याच जागेवर खेळतो, लहान आहे, हात आवरतो. मग मी आहे आणि बाबांचे ट्रेलर आहेत. जन्मभर न्हावा शेव्याच्या यार्डात धूळ खात ड्रायव्हरांशी भांडायचं. नको. अजिबात नको.

२७ जानेवारी
जिंकलो! सेमी पक्की!! फाउल फक्त दोन.
बाबांचा फोन. म्हटलं, अभिनंदन करतील. "रविवारी येतंस ना? गावची कबड्डीची फायनल हाय." आमच्या सेमीबद्दल एक अक्षर नाही. त्यांच्या लेखी मी अजून जाळीत चेंडू टाकायला जातो. एकही मॅच बघितलेली नाही त्यांनी. म्हणालो, येतो बघायला. "बगायला?" आणि फोन बंद.

१ फेब्रुवारी
बोट सुजलंय, अक्षर वाकडं येतंय.
सुट्टी होती म्हणून गेलो. पाहुण्यांच्या रांगेत बसवलं, शाल-नारळ वगैरे. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या कोपऱ्यावरच्या पोराचा पाय मुरगळला. राखीव गडी आधीच लंगडत होता. माइकवर राकेशदादा, माझा चुलत भाऊ. "हितेश, मैदानावर ये!" माझं नाव त्याने संघात आधीच देऊन ठेवलेलं, मला न विचारता. मी बसल्या जागेवरून नाही नाही करतोय. मग बाबा उठून आले, हातात गावची जर्सी. "गावान फायनल हाय न तू शाल घेऊन बसतंस? पाव्हना हायस कं तू?"
घातली. नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि खरं तर इच्छाही नव्हती. शेवटची रेड. त्यांचा रेडर वळला आणि मी मांडी धरली. मध्यरेषेपर्यंत मला फरफटत नेलं त्याने, पण सोडला नाही. जिंकलो. बोट कधी वाकलं कळलंच नाही. बाबांनी सगळ्यांसमोर मिठी मारली. माझ्या लग्नातसुद्धा मारली नव्हती.
परतीच्या रस्त्याला करार आठवला. काय करून बसलो.

३ फेब्रुवारी
टेप लावून प्रॅ. सरांना सांगितलं, बोट दारात सापडलं. पास झेलताना डोळ्यांपुढे काजवे. सनी दोनदा विचारून गेला, "सूज आहे का रे?" काळजीने विचारतो की आणखी कशाने, देव जाणे.
गावच्या ग्रुपवर त्या पकडीचा व्हिडिओ फिरतोय. राकेशदादाला म्हटलं, डिलीट कर. "डिलीट? अरं, सगल्यांनी स्टेटसला ठेवलाय!"

५ फेब्रुवारी
आईने फोटो पाठवला. गावच्या नाक्यावर फ्लेक्स लागलाय. मी, गावच्या जर्सीत, रेडरच्या मांडीला चिकटलेला. वर "गावची शान". खाली सेमीसाठी शुभेच्छा, शेजारी आमच्या टीमचा लोगो. शुभेच्छुकांत सगळ्यात मोठं डोकं बाबांचं, गॉगल लावून.
प्रॅ. इथं उरणलाच असते, पण परवा सेमीला टीमच्या गेस्ट हाउसवरून पनवेलला जाणारी बस त्याच नाक्यावरून जाते.
बाबांना फोन. "बाबा, तो फ्लेक्स उतरवा." "का रं?" काय सांगू? गावासाठी खेळलो हा गुन्हा आहे असं सांगू? त त प प केलं. बाबा हळूच म्हणाले, "लाज वाटते कं गावची?" ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

६ फेब्रुवारी
फ्लेक्स तिथंच. परत सांगायचं धाडस झालं नाही.
प्रॅ. नंतर सरांनी बाजूला घेतलं. उद्या सेमीत समोरच्या टीमच्या सगळ्यात वेगवान गार्डवर मी, सनी नाही. "तूने हाथ संभालना सीख लिया," म्हणाले. तेव्हाच सांगणार होतो. तोंड उघडलं आणि मॅनेजर आला. राहून गेलं. राहू दिलं.

७ फेब्रुवारी
चेंजिंग रूम. बूट बांधून झाले, म्हणून लिहितोय.
नाक्यावर कंटेनरची रांग लागलेली, बस नेमकी फ्लेक्ससमोर अडकली. खिडकीभर मीच. खाली बाबा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागे गाववाले, टेम्पो तयार. माझी मॅच बघायला निघालेले. बाबा! बस दिसताच दोन्ही हात हलवायला लागले.
सर उठून माझ्याजवळ आले. फ्लेक्स बघितला. मग माझ्या बोटाचा टेप. "पुरानी फोटो है ना, हितेश? कॉलेज की?"
सनी खाली मान घालून बसलेला. मला कळलं, सर मला वाट काढून देतायत. नुसतं हो म्हणायचं होतं. पण बाहेर बाबा हात हलवतच होते, आणि मला त्यांच्यादेखत ती पकड जुनी म्हणवेना.
"नहीं सर. पिछले संडे की."
सर पुढे जाऊन बसले. रस्ताभर मागे वळून बघितलं नाही.
आता सगळ्यांना जर्स्या वाटून झाल्या. माझी सरांच्या हातात आहे, ती घेऊन ते दाराबाहेर मॅनेजरशी बोलतायत. शब्द ऐकू येत नाहीत, कारण वर स्टँडमध्ये गाववाले पोचलेत, ताशा सुरू झालाय. त्यात बाबांचा आवाज सगळ्यात मोठा, माझं नाव घेतायत.
त्यांना वाटतंय, मी खेळणार आहे.