मागच्या दाराशी झटकलेले कपडे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहेत ती फुप्फुसे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मुलाने उलट विचारले, एवढी घाई कशाला? हा परिच्छेद लिहिताना मी दोनदा दम खायला थांबले, म्हणून घाई.

१. राहते घर माझ्या पगारातून घेतलेले, माझ्या एकटीच्या नावाचे. ते मी सुनेला देत आहे. मुलाला तिथे कलम चारमधील अटीवर राहता येईल.

२. एक्स्चेंजने निरोपाला दिलेले घड्याळ कंपनीच्या जुन्या डॉक्टरांना द्यावे. माझे यजमान त्या कंपनीत बॉयलरच्या पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळीत. जिना चढताना ते थांबू लागले तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करता विडी सोडायला सांगितले. यजमानांनी जन्मात विडी ओढली नव्हती, पण एवढे ऐकायला डॉक्टरांना वेळ नव्हता. आता घ्या म्हणावे वेळ.

३. मी नन्सच्या शाळेत शिकले. कपडा पाण्यात घालण्याआधी झटकावा, ही त्यांची शिस्त. यजमानांचे कामाचे कपडे मी सव्वीस वर्षे मागच्या दाराशी झटकले. पांढरी पूड उडे, मी तोंड फिरवी आणि स्वतःच्या टापटिपीवर खूश होई. पुढे मलाही धाप लागू लागली. नऊ वर्षांत कोणी दमा म्हणाले, कोणी हृदय, कोणी रक्त कमी, कोणी वजन, एकाने तर मनाचे खेळ. धाप यातल्या कशानेही लागू शकते, हे खरे. पण नीट तपासायला नको? शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावले, छातीचे फोटो काढले आणि विचारले, "आजी, घरात कपडे कोण धुवायचं?"

त्या पुडीतले ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू आत रुततात. वीस-तीस वर्षांनी फुप्फुस जखमेच्या व्रणासारखे घट्ट होते आणि फुगत नाही. ते पुन्हा मऊ होत नाही.

मृत्युपत्रात भीती लिहीत नाहीत. मी लिहिते. आडवे पडले की छातीवर कोणी बसते. दोन उशा झाल्या, तीन झाल्या. चौथी मागायला मी घाबरते.

४. मुलगा ठेकेदाराकडे त्याच कंपनीचे जुने बॉयलरघर पाडायला जातो. गेल्या गुरुवारी सून मागच्या दाराशी त्याचा सदरा झटकत होती. पद्धत माझीच, मीच शिकवलेली. उन्हात कण चमकत होते आणि नात ते पकडायला उड्या मारत होती. मी ओरडायला गेले. एकतीस वर्षे माझा आवाज गावोगाव पोचला, त्या दिवशी सहा पावलांवर पोचला नाही. शेवटी पेला फेकून मारला.

मुलगा हसला. "आई, पूड आहे ती, साप नाही."

"साप बरा. चावला की लगेच कळतं."

म्हणून अट: कामाचे कपडे उंबरठ्याच्या आत येणार नाहीत. ते कामावरच बदलावेत, ओले करून बंद करावेत. धुण्याची सोय ठेकेदाराने करावी. घरात कोणी काही झटकणार नाही. मोडल्यास मुलाने महिन्यात घर सोडावे.

५. यजमानांचा शेवटचा सदरा मी न धुता ट्रंकेत ठेवला आहे. दरवर्षी काढून तोंडाशी धरीत असे. तो डॉक्टरीणबाईंनी ओला करून, दुहेरी पिशवीत बंद करून, मी कंपनीवर लावलेल्या दाव्यात पुरावा म्हणून द्यावा. अजूनही एकदा काढावासा वाटतो, म्हणून किल्ली आजच त्यांच्याकडे दिली आहे.

६. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते म्हणतात. तेवढा उशीर मला परवडत नाही. त्यामुळे वरील सर्व सुनेला आत्ताच वाचून दाखवले.  ती साक्षीला आलेल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "लग्न झाल्यापासून झटकतेय मी. पोरगी तर कायम माझ्या पायात. तिला काही होईल का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघींना तपासत राहू."

याहून पक्के उत्तर माझ्या मालमत्तेत नाही. असते, तर कलम एकमध्ये घराच्या आधी लिहिले असते.

स्थळ: राहते घर, मागची खोली, दार बंद
दिनांक: ९ मार्च
सही: मृत्युपत्र करणारी (तीन दमांत)

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली:
१. छातीच्या डॉक्टरीणबाई, ट्रंकेच्या किल्लीसह
२. शेजारचे शिंपीकाका, येण्याआधी कपडे ओल्या फडक्याने पुसून