इस्तू मागायला आलेल्या बाया

बाई, तुम्ही आमच्या गावात आलात तेव्हा निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि आमचा जिल्हा नव्या राज्यात नुकताच गेला होता. आम्हा बायांना त्यातलं एवढंच कळलं, की शाळेत आता मास्तरीण येणार आणि दुपारच्याला मोठ्या बायांनाही शिकवणार. अणदूरपासून पुढं पायीच यावं लागायचं. तुम्ही काळी छत्री धरून, चपलांत माती घेऊन आलात, आणि आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "मास्तरीण हाय, का कुणाची सोयरी?" मी त्यांची धाकटी सून. घरात मी, थोरली जाऊ, आत्याबाई आणि दोघे भाऊ, म्हणजे आमचे नवरे. वर्गाला आम्हा दोघी जावांना सोडलं ते पोथी वाचून दाखवायला शिकतील म्हणून.

पाटीवर नाव काढायला शिकत होतो, त्या उन्हाळ्यात खालच्या आळीतली एक सून विहिरीत गेली. माझ्याच वयाची होती. गावात सगळे म्हणाले, पाय घसरला. वर्गात तो विषय निघाला तेव्हा मी आपलं मोठ्या माणसासारखं म्हणाले, "तिच्या नशिबात हुतं." तुम्ही फळ्याकडून वळलात. आवाज चढवला नाहीत, पण तसं तुम्ही मला परत कधी बोलला नाहीत. "नशीब नाही गेलं विहिरीवर. पोरगी गेली. आणि जायच्या आधी ती इथं आपल्यात बसत होती." मला रडू आलं. त्या दिवशी पाटीवर कुणीच काही लिहिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही सांगितलंत, की एखादी बाई एकाएकी गप्प झाली, वेणीफणी सोडली, आपल्या चीजवस्तू वाटायला लागली, तर तिला बाजूला घेऊन सरळ विचारायचं, मरावं वाटतंय का? बाया चरकल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई, इचारलं तर मनात न्हाय ते यायचं की." तुम्ही म्हणालात, "येत नाही. आत असतं ते बाहेर पडतं. व्हय म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही, आणि मला सांगायचं." मग घरातल्या मारहाणीचं निघालं. तुमचं म्हणणं, आवाज आला की शेजारणींनी दारात जाऊन उभं राहायचं. पण नुसतं उभं कसं राहणार? आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी चाचीही वर्गाला यायची, तिचा नवरा बाजारात बांगड्या विकायचा. ती म्हणाली, "बाई, इस्तू मागाया जायचं. चुलीतला इस्तू मागणारीला कोण हाकलतंय?" तुम्ही हसलात. विस्तव मागायला जायचं, तेच ठरलं.

पावसाळा सरताना जाऊनं मला तिचा नवा खण दिला, माहेरून आलेला, अजून घडीसुद्धा न मोडलेला. "तू शिव. मला काय करायचाय?" ती कोनाड्याकडं बघत बोलत होती. थोरले भावजी तिला मारायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं; मूल होत नव्हतं, तेवढं कारण पुरायचं. खण हातात धरून मी उभी आहे आणि तुमची वाक्यं आठवायचा प्रयत्न करते आहे. एकही आठवेना. शेवटी म्हणाले, "आक्का, मरावं वाटतंय का तुला?" ती खाली बसली. म्हणाली, "व्हय." मग जे बोलायला लागली ते थांबेना. मी तिचा हात सोडला नाही. चाचीला भिंतीवरून हाक मारली, तिला जाऊजवळ बसवलं आणि शाळेकडं पळाले.

तुम्ही मुलांचा वर्ग तसाच सोडून आलात. आत्याबाईंच्या समोर मांडी घालून बसलात. आत्याबाई म्हणाल्या, "नवराबायकूचं हाय, भाईरच्यानं मधी पडू नये." तुम्ही म्हणालात, "काकू, पोरगी गेली तर उचलायला बाहेरचेच येतील. मग आत्ताच येऊ द्या की." त्या दिवसापासून जाऊचं अंथरूण त्यांनी आपल्या अंथरुणाशेजारी घातलं, आणि पाण्याला तिला एकटीला जाऊ दिलं नाही. तिच्या भावाला निरोप गेला. दिवाळीपर्यंत ती माहेरी राहिली.

परत आली, आणि भावजींनी एका दुपारी पुन्हा हात उचलला. तेव्हा पहिली चाची आली. "इस्तू दे गं." तिच्यामागं दुसरी, मग तिसरी, हातात गोवरीचा तुकडा घेऊन. चुलीत तेव्हा नुसती राख होती. भावजी ओरडले, "इस्तू न्हाय म्हनलं ना!" चाची म्हणाली, "हुईल की, भाऊ. हम ठैरते." आणि सगळ्या अंगणात बसल्या. भावजी वहाणा घालून शेताकडं निघून गेले. ते एका दिवसात सुधारले असं नाही. पण बाया यायच्या थांबल्या नाहीत, आणि पुढं पुढं भावजींचा हात उठेनासा झाला. जाऊ म्हातारी होऊन गेली. माझी मुलं तिनं वाढवली, आणि तुमच्या बदलीनंतर कितीतरी वर्षं खालच्या आळीतल्या नव्या सुनांना ती स्वतः विचारायला जायची.

तुम्ही वारल्याचं मला फार उशिरा कळलं. म्हणून हे कुणाला पाठवायचं नाही, पण लिहायचं आहे. त्या दिवशी आत्याबाईंशी बोलून निघताना तुम्ही मला गोठ्यापाशी थांबवलंत आणि विचारलंत, "आणि तुला, पोरी? तुला कधी वाटतं तसं?" माझं पहिलं बाळ त्याच वर्षी गेलं होतं. मी म्हणाले, न्हाय. तुम्ही थोडा वेळ माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "बरं. उद्यापासून वर्गाला जरा लवकर येत जा. फळा पुसायला मला माणूस पाहिजे." मी रोज आले. फळा आधीच पुसलेला असायचा. तुम्ही चहा करायचात, आणि मी बाळाविषयी बोलायचे. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र मी तुम्हाला कधी दिलं नाही, जाऊलाही नाही. बाई, ते व्हय होतं.