छत्रीवाला बेडूक देवळातून परत आला

फुसाए वन्संना किनुए वहिनीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात, कंबर धरलीय.) इकडे दहिवर पडायला लागलं. पर्सिमनची फळं सोलून ओळीनं टांगलीत, माकडांनी अजून नऊच नेलीत. तुमचा गुडघा कसा आहे? यजमानांचं घोरणं कमी झालं की तुमचेच कान गेले?

तुमचं पत्र पोचलं. ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या आत घर रिकामं करा, दादाचा तो उड्या मारायचा व्हिडिओ गेम चाळीस वर्षांचा जुना, आता त्यात काही दम उरला नाही, तो देवळात देऊन टाका आणि सेंदाईला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला या, असं चार पानं भरून लिहिलंत. मी तुमचं सगळं ऐकते हे तुम्हाला ठाऊकच आहे. (हसू नका.) म्हणून मागच्याच्या मागच्या रविवारी गेले देवळात.

त्या दिवशी तिथे जुन्या, मेलेल्या वस्तूंना मंत्र म्हणून निरोप द्यायचा होता. बायकांनी बाहुल्या आणल्या होत्या, मोडक्या सुया आणल्या होत्या, आणि टोफूवाल्या मित्सुयोनं सासूची कवळी आणली होती. (सासू जिवंत आहे. कवळीही तिला लागते. पण ते त्यांच्या घरचं.) मी ह्यांचा चष्मा आणि ते खेळाचं यंत्र पुढे ठेवलं. गेन्काईबुवांनी चष्म्याला हात जोडले आणि यंत्राकडे बघून थबकले. म्हणाले, "किनुएबाई, हे मेलंय ना नक्की? चालत्या वस्तूवर मंत्र म्हटले तर पाप मला लागेल." मी म्हटलं, "वन्सं म्हणतात मेलंय." तर म्हणे खात्री केलेली बरी! उठले आणि आतल्या टीव्हीला जोडून बसले.

वन्सं, काय सांगू! उदबत्ती संपली, दुसरी लावली, तीही संपली. सात बायका गुडघे मुडपून बसलेल्या, पायांना पार मुंग्या आल्या. आतून नुसतं टुणुक टुणुक, मग डुबुक, मग बुवांचं "अरेरे!" शेवटी आम्ही सगळ्याच आत घुसलो. बघते तर बुवांच्या कफनीच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या आणि खेळातला छत्रीवाला बेडूक पहिल्याच विहिरीत. मित्सुयो म्हणाली, "बुवा, सरका, माणसाला जमणारं काम आहे ते." तिचा बेडूक विहिरीपर्यंतही गेला नाही, गोगलगायीला धडकून मेला. मग बुवा म्हणतात बटण अडकतंय, मित्सुयो म्हणते टीव्ही वाकडा आहे. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं द्या इकडे, लवकर मारून टाकते म्हणजे मंत्र तरी सुरू होतील.

आणि मेला मरेचना! मी ते खेळायचं बटणांचं हँडल जन्मात हातात घेतलं नव्हतं. पण इतकी वर्षं ह्यांच्या पाठीमागे बसून मुळे किसले, तांदूळ निवडले, "अहो, तो डावीकडचा ढग खोटा आहे" म्हणून ओरडले. (ऐकलं कधी? एकदा तरी? त्याच ढगावर उडी.) तर विहीर गेली, गोगलगायी गेल्या, बर्फाचं गाव गेलं, मी थेट चौथ्या गावात. मागे बायका किंचाळतायत, बुवा माझ्या खांद्यावरून सल्ले देतायत. पहिल्या विहिरीत मेलेल्या माणसानं सल्ले द्यावेत का?

आता तुम्ही म्हणता तसा तो जुनाट झालाय का, तर झालाय. चित्रं म्हणजे उशीच्या अभ्र्यावरचं भरतकाम. गाणं तेच तेच, डास कानात शिरल्यासारखं. काही सांगत नाही, शाबासकी देत नाही, तीनदा मेलात की चला पुन्हा पहिल्या गावाला. असा खडूस खेळ आजच्या दिवसात कोण बाळगेल? पण बटण जरासं दाबलं तर बेडूक एवढीशी उडी मारतो, दाबून धरलं तर छत्री उघडून लांब जातो, आणि पडला तर चूक आपलीच असते. दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. राग येतो तो त्याचाच, आणि पुन्हा बटण दाबतो तेही त्यापायीच.

बुवांनी निकाल दिला: हे जिवंत आहे, घरी न्या. चष्म्याला निरोप मिळाला, बेडूक परत आला. तुमचं एक काम धड झालं नाही, माफी असावी.

तुमची आज्ञाधारक वहिनी,
किनुए

ता. क. पाचव्या गावात नदी आहे. एकानं नाव वल्हवायची, दुसऱ्यानं छत्री धरायची. एकट्याला पार होत नाही, मी घरी अकरा दिवस खेळून बघितलं. दुसरं हँडल तुम्ही तुमच्या लग्नाच्या वेळी दादावर रागावून घेऊन गेलात, ते तिकडे तुमच्या कपाटात वरच्या फळीवर असणार, नाही म्हणू नका. कुरियरनं पाठवू नका, स्वतः घेऊन या.

ता. क. दोन. तुम्ही गेल्यावर ह्यांचा बेडूक कायम नदीकाठीच अडला. एकदा मला म्हणाले होते, बस गं शेजारी. मी म्हटलं, मुळे कोण किसणार?

ता. क. तीन. फ्लॅटचं नदी ओलांडल्यावर बोलू. बुडालो तर पहिल्या गावापासून सुरुवात करावी लागते, तेव्हा कपडे महिनाभराचे आणा.